अल अलामेनचा डाव: वाळवंटात बचाव बांधायचा तरी कसा?

षटकोन (नाशिक)

मंडळी,

गेलं दीड वर्ष आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी इंदिरानगरला आमच्या घरी युद्धाचा डाव मांडतो. पट आम्हीच काढलाय. चार ड्रॉइंग शीट जोडून त्यावर षटकोनी घरं आखली आहेत, एक घर म्हणजे साधारण तीन किलोमीटर. सोंगट्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या. नियमही आमचेच, भांडून भांडून पक्के झालेले. सध्या इजिप्तमधल्या अल अलामेनचा डाव चालू आहे: १ जुलै १९४२ च्या सकाळपासून चार दिवस. दिवसाला तीन चाली, सकाळ, संध्याकाळ आणि रात्र, म्हणजे एकूण बारा. जर्मन सेनापती रोमेलच्या बाजूनं बाराव्या चालीपर्यंत दोन रणगाडा-सोंगट्या पटाच्या पूर्व कडेवरून बाहेर काढायच्या असतात. मी ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याकडून, म्हणजे बचावाला बसतो. लागोपाठ तीन डाव हरलो म्हणून हा धागा काढतोय.

जागा अशी आहे. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला कत्ताराचा खोलगट भाग. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली जातो, आत मिठाची दलदल आणि भुसभुशीत वाळू, अवजड गाड्यांचा ताफा तिथून नेता येत नाही. उत्तर आफ्रिकेत बाकी जवळपास सगळीकडे दक्षिणेची बाजू उघडी असायची, वळसा घालून शत्रूच्या पाठीमागे उतरता यायचं. इथे तो वळसाच बंद. म्हणून माघार घेता घेता ब्रिटिश सैन्य इथे थांबलं. पण समुद्र ते खोलगट अंतर साठ किलोमीटर, म्हणजे पटावर वीस घरं, आणि माझ्याकडे लढाऊ सोंगट्या तेरा.

पहिल्या डावात मी रांग लावली. एकेक घर सोडून एकेक सोंगटी, समुद्रापासून खाली. चौथ्या चालीला रांग एका जागी फुटली आणि बाकीच्या दहा सोंगट्या जागच्या जागी निरुपयोगी झाल्या. वाळवंटात फुटलेल्या रांगेला मागे टेकायला नदी नाही, गाव नाही, झाडीही नाही.

दुसऱ्या डावात इतिहासाप्रमाणे मांडलं. अलामेन स्टेशनभोवती दक्षिण आफ्रिकेची डिव्हिजन, देर एल शेनला १८ वी भारतीय ब्रिगेड, बाब एल कत्ताराला न्यूझीलंडची ब्रिगेड आणि अगदी दक्षिणेला नक्ब अबू द्वैसला ९ वी भारतीय ब्रिगेड. चारही ठिकाणी चहूबाजूंनी तार आणि सुरुंग, अशा ठाण्याला पेटी म्हणतात. समोरच्या बाजूनं देर एल शेन घेतलं, उरलेल्या पेट्यांमधून आरामात गाड्या काढल्या आणि माझा रसदीचा डेपो उडवला.

तिसऱ्या डावात चिडून रणगाडे पुढे घातले. जर्मन ८८ मिलिमीटर तोफा दीड किलोमीटरहून अधिक अंतरावरून रणगाडा फोडू शकत होत्या. पटावर तेच झालं, दोन चालींत माझे तिन्ही रणगाडे गेले. प्रत्यक्षातही १९४१ च्या जूनमध्ये हलफाया खिंडीपाशी ब्रिटिश रणगाड्यांचं हेच झालं होतं. वाचलेलं होतं, तरी केलं.

आता माझं मत असं बनत चाललंय की मी नको ती गोष्ट राखत होतो. वाळवंटात एका घरासारखंच दुसरं घर. ते गेलं म्हणून काय गेलं? रोमेल १ जुलैला तिथे पोहोचला तेव्हा त्याच्या आफ्रिका कोअर या जर्मन रणगाडा-दलाकडे चालू स्थितीतले रणगाडे ५५ उरले होते, आणि तोब्रुक बंदर पाचशेहून अधिक किलोमीटर मागे. प्रत्येक लिटर पेट्रोल त्या एका रस्त्यानं यायचं. आमच्या डावात त्याला सुरुवातीला पेट्रोलच्या अठरा चिठ्ठ्या मिळतात आणि पुढच्या प्रत्येक सकाळी तीन. रणगाडा-सोंगटी हलली की एक चिठ्ठी, लढली की आणखी एक. त्या चिठ्ठ्या संपवणं हाच खरा बचाव, असं मला वाटतं.

पण पटावर ते घडवायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

---

सह्यकडा

धागा आवडला. दुसऱ्या डावाबद्दल बोलतो, कारण तीच चूक खऱ्या युद्धात महिनाभर आधी झाली होती.

मे १९४२ मधली लिबियातल्या गझालाची ब्रिटिश फळी. तिथेही अशाच पेट्या होत्या आणि मध्ये सुरुंगच सुरुंग. पण १५० व्या ब्रिगेडची पेटी आणि बीर हकीमची फ्रेंच पेटी यांच्यात सुमारे वीस किलोमीटर मोकळे. सुरुंग पेरलेले, पण त्यांच्यावर कुणाच्याच तोफेची नजर नाही. तिथून जर्मनांनी वाटा मोकळ्या केल्या, १ जूनला १५० व्या ब्रिगेडची पेटी चिरडली आणि रसद सुरू केली. सुरुंग काढणाऱ्यावर गोळी झाडायला कुणी नसेल तर ते सुरुंग म्हणजे नुसतं थोडं उशिराचं काम.

त्याच लढाईत २७ मेच्या सकाळी ३ री भारतीय मोटर ब्रिगेड बीर हकीमच्या जवळ उघड्यावर सापडली. नुकतीच येऊन बसलेली, खोदकाम अर्धवट, आणि इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे सकाळीच अंगावर. बहादुरीनं लढले, पण शेजारून मदत यायला शेजारच नव्हता.

तेव्हा तुमच्या पेट्या एकमेकींच्या तोफांच्या टप्प्यात आणा. दक्षिणेचा भाग सोडावा लागला तरी चालेल.

---

षटकोन

दक्षिण सोडली की ती सरळ तिकडून जाईल ना? "ती" म्हणजे माझी मावसबहीण. रोमेलच्या बाजूनं तीच बसते आणि हा धागा वाचतेय.

---

मृगनक्षत्र

हो दादा, वाचतेय. आणि खरं सांगते, दक्षिणेतून जायचा मला कंटाळा असतो. तिकडून पूर्व कडेला पोहोचायला तीन चाली जास्त लागतात. दोन डिव्हिजन हलवल्या तर सहा चिठ्ठ्या नुसत्या रस्त्यात. चहाच्या बशीखाली चिठ्ठ्या लपवून मी दर चालीला मोजत असते, ते तुझ्या लक्षात आलं नसेल.

माझी भीती कशाची आहे ते सांगून टाकते. सुरुंग दिसतात, त्यामुळे त्यांची भीती वाटत नाही. तोफा कुठे आहेत ते कळलं नाही की हात थांबतो. तू तोफा नेहमी सोंगट्यांच्या वर उघड्या ठेवतोस, मग मी त्या टाळून जाते.

---

देवळाली कॅम्प

नमस्कार. तोफखान्यात २८ वर्षं काढली, त्यातली बरीचशी देवळालीच्या तोफखाना शाळेतच शिकवण्यात गेली. हा विषय वाचून राहवलं नाही.

षटकोन, तुमच्या पटावर २५ पौंडी तोफेचा टप्पा किती घरं धरलाय? तिचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर. तीन किलोमीटरचं घर म्हणता, म्हणजे चार घरं. आता रुवैसातच्या डोंगरधारेवर मधोमध तीन तोफ-सोंगट्या एकत्र ठेवून बघा. वर चार घरं, खाली चार घरं. तुमच्या वीसपैकी नऊ घरांवर तिन्ही तोफांचा मारा एकाच वेळी पडेल. तोफ पेट्यांमध्ये वाटून टाकली की प्रत्येक पेटीच्या वाट्याला एक येते आणि तिचा धाक संपतो. आम्ही मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो की तोफ एका जागी बसते, पण मारा सगळीकडे नेता येतो. पायदळाचं तसं नाही.

खऱ्या लढाईतही हेच झालं. १८ व्या ब्रिगेडनं देर एल शेनला १ जुलैचा जवळजवळ सगळा दिवस खाल्ला. इराकमधून नुकतीच आलेली, जमीन खडकाळ, मदतीला जेमतेम नऊ माटिल्डा रणगाडे. संध्याकाळपर्यंत ब्रिगेड संपली, पण जर्मनांचे ५५ पैकी १८ रणगाडे त्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी रुवैसातवर १० व्या भारतीय डिव्हिजनच्या तोफखान्याचे प्रमुख वॉलर यांनी हाताशी लागतील त्या तोफा आणि थोडं पायदळ घेऊन एक तुकडी उभी केली. तिचं नाव रोबकोल. तिनं ती धार दिवसभर सोडली नाही. रोमेलचा वेग तिथेच मोडला.

दुसरी गोष्ट, टँक आत आला म्हणून घाबरायचं नाही. एप्रिल १९४१ मध्ये तोब्रुकला ऑस्ट्रेलियन पायदळानं काय केलं? रात्री जर्मन टँक तारेतून आत शिरले, यांनी त्यांना डोक्यावरून जाऊ दिलं. खंदकातून कुणी उठलं नाही. टँकमागून पायदळ आलं तेव्हा त्याच्यावर तुटून पडले. आत गेलेले टँक पहाटे २५ पौंडी तोफांच्या तोंडाशी सापडले, तोफचींनी समोरासमोर नेम धरून मारले. पायदळ मागे अडकलेलं, टँक पुढे एकटे. शेवटी परत फिरले. तुमच्या नियमांत टँकनं घर ओलांडलं की बचावाची सोंगटी मरते का? मरत असेल तर तो नियम बदला.

तिसरी गोष्ट सूर्याची. देवळालीच्या रेंजवर मे महिन्यात दुपारी दुर्बिणीला डोळा लावला की चुना फासलेला दगड पाण्यात बुडवून धरल्यासारखा थरथरतो. त्याच्या बुडाशी चकाकी असते, दगड जमिनीला टेकलाय की हवेत आहे ते कळत नाही. नवीन मुलं त्या वेळी अंतर हमखास चुकवायची. मग आम्ही थांबायला सांगायचो, ऊन कलू द्या. त्या वाळवंटात जर्मन पश्चिमेकडून यायचे, म्हणून संध्याकाळी सूर्य पाठीशी घेऊन हल्ला करणं त्यांना सोयीचं. सकाळी नेमकं उलट, ऊन त्यांच्या डोळ्यांत. तुमच्या सकाळ आणि संध्याकाळच्या चाली सारख्या कशा काय?

---

षटकोन

काका, मनापासून धन्यवाद. टप्पा आम्ही दोन घरंच धरला होता. आणि हो, रणगाडा घरावरून गेला की सोंगटी मेली, असाच नियम आहे. दोन्ही बदलतो.

---

द्राक्षबाग (दिंडोरी)

युद्धातलं मला फार कळत नाही, पण खणण्यातलं कळतं. काकांनी "जमीन खडकाळ" लिहिलंय तिथे माझं लक्ष अडकलं.

गेल्या वर्षी नवीन बागेच्या मांडवाचे खांब रोवायला खड्डे घेतले. वरचं हातभर मातीचं काम झपाझप होतं. खाली मुरूम लागला की पहारीचा आवाज बदलतो आणि माणूस दर चार घावांना कंबर सरळ करतो. अडीच फुटांचा एक खड्डा घ्यायला अर्धी सकाळ. बांधाकडच्या कोपऱ्यात पक्का दगड लागला तिथे कॉम्प्रेसर बोलवावा लागला, एक दिवस गेला आणि पैसे वेगळे. आता तोफेसाठी खड्डा किती मोठा हवा, आणि तोही बॉम्ब पडत असताना?

तेव्हा खंदक सगळ्या घरांत सारख्या वेळात तयार होऊ देऊ नका. वाळूत एका चालीत होईल, पण मार बसला की काठ ढासळणार, पोती लावल्याशिवाय टिकणार नाही. खडकात तीन चाली लागतील, पण एकदा झाला की झाला.

---

देवळाली कॅम्प

द्राक्षबाग, अगदी बरोबर. रुवैसात म्हणजे नुसता खडक. तिथे खाली जाता येत नव्हतं म्हणून दगड रचून आडोसे करायचे. तोफगोळा त्या दगडांवर फुटला की चिपा उडून माणसं जखमी व्हायची. त्यामुळे खडकावर खंदक नसलेल्या सोंगटीला माऱ्याचं नुकसान जास्त धरा.

---

वाळूचा किल्ला

मला तोफखान्याचं पटलं, पण राखीव रणगाड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. रणगाडे मागे ठेवून उपयोग काय, असा प्रश्न पडतो ना? त्याच वर्षीची, अलामेनजवळची आलम हल्फाची लढाई बघा.

३० ऑगस्टच्या रात्री रोमेलनं दक्षिणेकडून हल्ला केला. सुरुंग अपेक्षेपेक्षा खोलवर निघाले, ते काढता काढता उजाडलं आणि विमानं आली. त्याच रात्री २१ व्या पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनचा सेनापती फॉन बिस्मार्क मारला गेला, आफ्रिका कोअरचा प्रमुख नेरिंग जखमी झाला. उशीर झाल्यामुळे रोमेलला लांबचा वळसा सोडून लवकर उत्तरेला वळावं लागलं, नेमकं आलम हल्फाच्या उंचवट्यासमोर. तिथे २२ व्या आर्मर्ड ब्रिगेडचे रणगाडे उताराआड बुडवून ठेवले होते, फक्त बुरूज वर. शेजारी ६ पौंडी रणगाडाविरोधी तोफा. पुढे धावायचं नाही, असा सक्त हुकूम. जर्मन समोर फिरून आमिष दाखवत राहिले, हे हलले नाहीत. पेट्रोल आणणारी जहाजं समुद्रात बुडत होती, तिसऱ्या दिवशी रोमेल मागे फिरला. आठव्या सैन्याचा नवा सेनापती माँटगोमेरी, त्यानं पाठलागसुद्धा केला नाही.

षटकोन, तुमचे रणगाडे चिडून पुढे जातात तिथेच डाव जातो. ते आडोशाला ठेवा आणि शेवटच्या दिवसापर्यंत हात लावू नका.

---

सह्यकडा

इथे माझा थोडा मतभेद. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलं तर तोवर तोफा जातील. राखीव सोंगटी कधी वापरायची ते आधी ठरवून ठेवा: समोरच्याचे रणगाडे आणि पायदळ यांच्यात दोन घरांचं अंतर पडलं की तेव्हाच. आधीही नाही, नंतरही नाही.

---

ओझरकर

आपल्याकडचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. लोंगेवाला, ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. २३ पंजाबची एक कंपनी, सुमारे १२० माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, रणगाडाविरोधी म्हणून १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा. समोर पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा. चौकी वाळूच्या उंचवट्यावर, भोवती भुसभुशीत वाळू. ताफ्याला काटेरी तार दिसली, सुरुंग असणार असं वाटून तो थबकला, सुरुंग शोधणाऱ्यांची वाट पाहण्यात रात्रीचा मोलाचा वेळ गेला. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. त्यांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून चौकीला पहाटेपर्यंत टिकायचं होतं एवढंच. वाळूत रुतलेल्या रणगाड्यांना लपायला जागाच नव्हती.

पटावर याचा अर्थ काय? तारेच्या सोंगट्या उलट्या ठेवा. काहींच्या खाली सुरुंग, काहींच्या खाली काहीच नाही. समोरच्यानं थांबून तपासायचं की सरळ घुसायचं, ते त्यानं ठरवावं. तपासलं तर एक चाल गेली.

---

मृगनक्षत्र

हा नियम मला आवडला, जरी माझ्याच विरुद्ध जाणार असला तरी. फक्त खोट्या तारांची संख्या आधी ठरवा. दादानं सगळ्याच खोट्या ठेवल्या तर मग मी कुठेही थांबणार नाही. निम्म्या तरी खऱ्या हव्यात.

---

षटकोन

मंडळी, कालचा डाव झाला. सविस्तर लिहितो.

नियम असे बदलले: तोफेचा टप्पा चार घरं. रणगाडा घरावरून गेला तरी खंदकातलं पायदळ जगतं आणि मागून येणाऱ्यांवर मारा करतं. सकाळी बचावाच्या फाशाला एक जास्त, संध्याकाळी हल्ल्याच्या फाशाला एक जास्त. खडकात खंदकाला तीन चाली. सहा तारा उलट्या, त्यातल्या तीन खऱ्या.

नक्ब अबू द्वैस मी पूर्ण सोडलं. तीन तोफा रुवैसातच्या मागच्या उतारावर उलट्या ठेवल्या. देर एल शेनला १८ वी ब्रिगेड तशीच ठेवली, तिला खंदक पुरा करायला वेळ मिळणार नाही हे माहीत असूनही. दुसऱ्या चालीला ती गेली. पण तिच्यावर दोन्ही डिव्हिजनच्या मिळून सहा चिठ्ठ्या खर्च झाल्या. मागच्या डावात ती तीन चिठ्ठ्यांत पडली होती.

दुसऱ्या दिवशी बहीण माझ्या तारेसमोर थांबली. बराच वेळ बोट सोंगटीवर ठेवून बसली, मग तपासायचं ठरवलं. खाली काहीच नव्हतं. चाल गेली. त्यानंतरच्या तारेवर ती न थांबता घुसली आणि ती खरी निघाली, एक रणगाडा-सोंगटी जायबंदी.

तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी, सूर्य पाठीशी घेऊन, तिनं रुवैसातवर सगळा जोर लावला. रणगाडे माझ्या पायदळावरून पलीकडे गेले. आधीच्या तिन्ही डावांत इथेच मी हात टेकले होते. या वेळी मी तोफा उलगडल्या आणि तिन्हींचा मारा मागून येणाऱ्या जर्मन पायदळाच्या, ९० व्या लाइट डिव्हिजनच्या ट्रकांवर टाकला. फासे फार चांगले पडले असं नाही, पाच आणि दोन आणि चार, पण ट्रक थांबले. रणगाडे आणि पायदळ यांच्यात दोन घरांचं अंतर पडलं. सह्यकडा, तुमचं वाक्य टेबलावर कागदावर लिहून ठेवलं होतं. राखीव रणगाडे तिथेच बाहेर काढले, उंचवट्याआडून, दोनच घरं पुढे.

अकराव्या चालीच्या शेवटी तिच्या बशीखाली एकच चिठ्ठी होती. एक रणगाडा पूर्व कडेपासून दोन घरांवर, दुसरा चार घरांवर. बाराव्या चालीत एकच हलू शकला.

माझ्या तेरापैकी पाच सोंगट्या गेल्या. स्टेशनची पेटी शेवटपर्यंत हललीच नाही, समुद्राकडची सहा घरं तिनं एकटीनं सांभाळली. त्याचं श्रेय कुणी दिलं नाही म्हणून इथे लिहितो.

---

देवळाली कॅम्प

उत्तम. फक्त एक राहिलं. तीन तोफा उलगडल्यावर त्या त्याच घरात ठेवल्यात का? गोळा सुटला की तोंडापुढची धूळ उडते आणि सपाट वाळवंटात ती लांबून दिसते. एकदा दिसलेली तोफ रात्री हलवायलाच हवी.

---

षटकोन

नाही हलवल्या काका. दहाव्या चालीला त्यातली एक त्यामुळेच गेली.

---

मृगनक्षत्र

तीच मी धुळीवरून नाही, दादाच्या चेहऱ्यावरून ओळखली होती. पण नियम घालूया: मारा केलेली तोफ पुढच्या चालीपर्यंत उलगडलेलीच राहील.

काका, तुम्ही देवळालीहूनच असाल तर येत्या रविवारी चार वाजता या ना. मोठा पट जमिनीवर मांडतोय, टेबल पुरत नाही. या वेळी बीर हकीम: सुमारे ३,७०० फ्रेंच, २६ मे ते ११ जून १९४२, आणि पाण्याच्या चिठ्ठ्या. बचावाला मी बसणार आहे.